हनुवटी लहान आहे, की जबडाच मागे आहे?

पत्राचा सारांश : पत्र लिहिणारा तरुण २६ वर्षांचा आहे. मूळचा नाशिक जिल्ह्यातला, सध्या हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला. त्याची हनुवटी आत गेलेली आहे. ‘बाजूने पाहिलं तर ओठाखाली थेट मानच सुरू होते’, असं तो लिहितो. कॉलेजात यावरून टोपणनाव पडलं होतं. नोकरी लागल्यापासून त्याने दाढी राखली आहे, ती फक्त हनुवटी झाकण्यासाठी. ऑफिसच्या मीटिंगमध्ये तो कॅमेरा बंद ठेवतो, त्यावरून मॅनेजरने टोकलं आहे. वर्षभरात दोन स्थळांकडून नकार आला. दोन्हीकडून पत्रिका जुळत नसल्याचं कारण मिळालं, पण ‘खरं कारण मला माहीत आहे’, असं त्याचं म्हणणं. एका कॉस्मेटिक क्लिनिकने त्याला हनुवटीत सिलिकॉनचं एक इम्प्लांट आणि जबड्याच्या दोन्ही कोपऱ्यांत आणखी दोन, असं पॅकेज सुचवलं आहे. तास-दीड तासाचं काम, चार दिवसांत ऑफिस, आणि नको वाटलं तर काढून टाकू, असं तिथे सांगितलं गेलं. महिनाअखेरीपर्यंत टोकन भरलं तर सवलत, बाकीचे पैसे हप्त्यांनी. घरी काही माहीत नाही. आई म्हणेल, देवाने दिलेला चेहरा कशाला बदलतोस. आणि बाबांना सांगवत नाही, ‘कारण त्यांची हनुवटी हुबेहूब अशीच आहे’. पुरुषाने चेहऱ्याचा एवढा विचार करणं बरं दिसतं का, टोकन भरू का, आणि लग्न ठरताना हे सांगावं लागेल का, हे त्याचे प्रश्न. पत्राच्या शेवटी, जाता जाता, त्याने आणखी दोन गोष्टी लिहिल्या आहेत. चौदाव्या वर्षी दातांच्या डॉक्टरांनी तारा लावायला सांगितलं होतं आणि ‘पुढे जबड्याचंही बघावं लागेल’ म्हणाले होते, ते राहून गेलं. आणि रूममेट त्याच्या घोरण्याला कंटाळले आहेत. दुपारी त्याला स्वतःलाही डोळे उघडे ठेवणं जड जातं.

उत्तर :

टोकन भरू नका. सवलत गेली तर जाऊ द्या. हे सगळ्यांत आधी लिहिते, कारण तुमच्या पत्रातल्या बाकी सगळ्या गोष्टींना वेळ आहे आणि या एकाच गोष्टीला तारीख लावलेली आहे. ज्या ऑपरेशनची वैद्यकीयदृष्ट्या काहीही घाई नाही, त्याला महिनाअखेरीची मुदत घालणाऱ्या जागेवर माझा भरवसा बसत नाही.

आता तुमच्या मनाला जे लागलं आहे त्याविषयी. पुरुषाने चेहऱ्याचा विचार करू नये, हा नियम कुणी केला मला ठाऊक नाही, पण त्याने कितीतरी मुलांची तोंडं बंद केली आहेत. टोपणनाव मुलीला जेवढं लागतं तेवढंच मुलालाही लागतं. फरक एवढाच की मुलाने ते हसून सोडून द्यावं अशी अपेक्षा असते. तुम्ही इतकी वर्षं ते हसून सोडलं आणि आज आरशासमोर त्याची किंमत मोजताय. चेहरा बदलावासा वाटणं यात गैर काही नाही. आणि आईंच्या ‘देवाने दिलेल्या चेहऱ्या’बद्दल म्हणाल, तर १७९४ साली लंडनच्या एका मासिकात पुण्याजवळ झालेल्या ऑपरेशनची हकीकत छापून आली होती. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणाऱ्या कोवासजी नावाच्या मराठी माणसाचं नाक टिपूच्या कैदेत कापलं गेलं होतं आणि विटा करणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने कपाळाच्या कातडीतून त्याला नवं नाक बसवून दिलं होतं. ती हकीकत वाचून युरोपातल्या शल्यविशारदांनी ते तंत्र उचललं. चेहरा दुरुस्त करणं आपल्या मातीला परकं नाही.

पण तुमचं पत्र वाचताना मी थांबले ती हनुवटीपाशी नाही, शेवटच्या दोन ओळींपाशी. तारा लावायचं राहून गेलं, आणि घोरणं. तुम्ही त्या ‘असंच सांगतो’ म्हणून लिहिल्या आहेत. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं मूळ तिथेच असू शकतं.

बाजूने पाहिल्यावर हनुवटी आत दिसते, तेव्हा त्यामागे दोन अगदी वेगळ्या गोष्टी असू शकतात. एक म्हणजे खालचा जबडा जागच्या जागी आहे, दात नीट एकमेकांवर बसतात, फक्त हनुवटीचं टोक लहान आहे. दुसरी म्हणजे अख्खा खालचा जबडाच मागे आहे, आणि हनुवटी बिचारी त्याच्याबरोबर मागे गेली आहे. लांबून दोन्ही चेहरे सारखेच दिसतात. उपाय मात्र सारखे नाहीत. क्लिनिकने तुमचे दात पाहिल्याचा, एक्स-रे काढल्याचा, झोपेबद्दल विचारल्याचा उल्लेख तुमच्या पत्रात कुठेच नाही. फोनवर फोटो काढला, त्यावर हनुवटी पुढे ओढून दाखवली, आणि भाव सांगितला.

घरच्या घरी एक गोष्ट पाहता येईल. आरशासमोर बसा, मागच्या दाढा सहज, जोर न लावता एकमेकांवर ठेवा आणि ओठ बाजूला करून बघा. वरचे पुढचे दात खालच्यांच्या दोन-तीन मिलिमीटर पुढे असतील तर ते सर्वसाधारण आहे. त्याहून बरंच जास्त अंतर असेल, खालचे दात टाळूला टेकत असतील, ओठ मिटायला हनुवटीचा स्नायू आवळावा लागत असेल आणि तिथे कातडीला खळगे पडत असतील, तर जबडा मागे असण्याची शक्यता वाढते. पाहताना फसू नका. जबडा मागे असलेल्या पुष्कळ लोकांना तो नकळत पुढे काढून धरायची सवय लागलेली असते, विशेषतः फोटोत. आणि हे पाहणं म्हणजे निदान नव्हे. निदान ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे तारा लावून दात जागेवर आणणारा दंततज्ज्ञ, करेल, चेहऱ्याचा बाजूने काढलेला एक ठरावीक एक्स-रे पाहून. त्याला लॅटरल सेफॅलोग्राम म्हणतात. हाडं कुठे आहेत, दात कुठे आहेत आणि त्यांच्यातली अंतरं किती, हे त्यावर मोजून सांगता येतं.

हे इतकं लांबवण्याचं कारण असं. हनुवटीचं इम्प्लांट हाडाच्या पुढच्या बाजूला, बाहेरून बसवतात. जबडा जिथे आहे तिथेच राहतो. दात जसे बसत होते तसेच बसतात. जीभ खालच्या जबड्याच्या आतल्या बाजूला बांधलेली असते. जबडा मागे असला तर झोपेत स्नायू सैलावल्यावर ती घशाच्या बाजूला सरकून श्वासाची वाट अरुंद करते. बाहेरून सिलिकॉन बसवल्याने यात काहीही बदलत नाही. घराच्या पुढच्या भिंतीला जाड गिलावा केला म्हणून आतली खोली मोठी होत नाही, तसंच हे.

घोरणारा प्रत्येक माणूस आजारी असतो असं मी म्हणत नाही. वजन, चोंदलेलं नाक, वाढलेले टॉन्सिल, रात्रीची दारू, बरीच कारणं असतात. पण मागे गेलेला जबडा, जोराचं घोरणं आणि दुपारची अनावर झोप हे तिन्ही एकत्र आले की झोपेत श्वास अडखळण्याचा विकार, स्लीप अ‍ॅप्निया, तपासायलाच हवा. तो तसाच राहिला तर रक्तदाब आणि हृदयावर ताण येतो. तपासणीला स्लीप स्टडी म्हणतात. एक रात्र यंत्र लावून झोपायचं, हल्ली ती घरीही करता येते. रूममेटला आजच विचारा, घोरता घोरता मध्येच काही क्षण आवाज पूर्ण बंद होतो का आणि मग दचकल्यासारखा श्वास येतो का. ‘हो’ म्हणाला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांची किंवा छातीविकारतज्ज्ञांची वेळ घ्यायला उशीर करू नका. याचा ऑपरेशनशी सरळ संबंध आहे. ज्याला हा विकार आहे आणि माहीत नाही, त्याला छोट्या क्लिनिकमध्ये गुंगीचं औषध देऊन ‘तासाभराचं काम’ करणं धोक्याचं ठरू शकतं. भूल देणाऱ्या डॉक्टरांना ही माहिती आधी असावीच लागते.

जबडाच मागे निघाला तर रस्ता लांबचा आहे, हेही स्पष्ट सांगते. आधी तारा लावून दात योग्य जागी आणायचे, मग पूर्ण भूल देऊन तोंडाच्या आतून खालचा जबडा दोन्ही बाजूंनी कापून पुढे सरकवायचा आणि टायटॅनियमच्या पट्ट्या-स्क्रूंनी बसवायचा, मग पुन्हा काही महिने तारा. सगळं मिळून दीड-दोन वर्षं जातात. ऑपरेशननंतर काही आठवडे पातळ आणि मऊ खाणं. खालच्या ओठाला बधिरपणा बहुतेकांना येतो. तो बऱ्याच जणांचा महिन्यांनी ओसरतो, काहींचा थोडाफार कायम राहतो. हे वाचून इम्प्लांट सोपं वाटेल. सोपं आहेच. पण तुमचा प्रश्न जबड्याचा असेल तर ते त्या प्रश्नाचं उत्तर नाही. मोठं ऑपरेशन सगळ्यांनी करावंच असंही नाही. श्वासाचा त्रास नसेल, चावायला अडचण नसेल, तर काही जण सगळं समजून-उमजून फक्त हनुवटीवर थांबतात, आणि ते त्यांच्यापुरतं बरोबर असतं. अट एकच, ते समजून घेतलेलं असावं.

पैशांचंही बघा. वैद्यकीय उपचारांवर जीएसटी लागत नाही, पण निव्वळ सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेवर १८ टक्के लागतो. जन्मजात दोष, वाढीतला दोष किंवा इजा यांमुळे बिघडलेली रचना वा काम पूर्ववत करायचं असेल तर सूट आहे. आरोग्य विम्यातही रूप बदलण्यासाठीचा खर्च वगळलेला असतो; वैद्यकीय गरज म्हणून केलेल्या उपचारांचा विचार होऊ शकतो. म्हणजे निदान कागदावर नीट आलं तर बिलाचं गणितही बदलू शकतं. विमा कंपनीकडून आधी लेखी विचारून घ्या, तोंडी आश्वासनावर जाऊ नका.

आता धरून चालू की एक्स-रेत जबडा ठीक निघाला, श्वासही ठीक आहे, आणि फक्त हनुवटीचं टोक लहान आहे. तरी इम्प्लांट हा एकच पर्याय उरतो असं नाही.

सगळ्यांत हलका पर्याय फिलरचा. हायल्युरॉनिक अ‍ॅसिडचं जेल इंजेक्शनने हनुवटीच्या हाडाजवळ सोडतात. वर्ष-दीड वर्षात ते विरघळत जातं, पुन्हा करावं लागतं, आणि नको वाटलं तर विरघळवण्याचं इंजेक्शन असतं. हनुवटी पुढे आल्यावर आपण कसे दिसू आणि आपल्याला तसं बरं वाटेल का, हे पाहायला काही डॉक्टर आधी हे सुचवतात. मला ती वाट शहाणपणाची वाटते. मात्र जेल चुकून रक्तवाहिनीत गेलं तर रक्तपुरवठा अडून कातडी खराब होऊ शकते. असं क्वचित होतं, पण होतं. त्यामुळे ब्यूटी पार्लरमध्ये हे कधीही करून घेऊ नका.

इम्प्लांट म्हणजे घट्ट सिलिकॉनचा किंवा सच्छिद्र पॉलिएथिलीनचा (एक प्रकारच्या प्लास्टिकचा) घडवलेला तुकडा. हनुवटीखाली छोटा छेद घेऊन किंवा तोंडातून, खालच्या ओठाच्या आतून, तो हाडावर बसवतात. हनुवटी थोडी किंवा मध्यम लहान असेल, फक्त पुढे यायला हवी असेल, उंचीत किंवा सरळपणात दोष नसेल, तर चांगल्या हातांत याचा परिणाम चांगला येतो. ते मी नाकारणार नाही. धोके कोणते? जंतुसंसर्ग, तो झाला तर बहुधा तुकडा काढावाच लागतो. तुकडा जागेवरून सरकणं. खालच्या उपदाढांच्या मुळांजवळून ओठाकडे जी नस बाहेर येते तिला दाब बसून ओठ-हनुवटी बधिर होणं. हनुवटीचा स्नायू नीट परत शिवला गेला नाही तर खालचा ओठ खाली ओघळून खालचे दात दिसत राहणं. आणि वर्षानुवर्षांच्या दाबाने तुकड्याखालचं हाड झिजणं. ही झीज १९६० च्या दशकापासून नोंदलेली आहे. बहुतेकांना ती जाणवत नाही, पण तुकडा चुकीच्या उंचीवर बसला तर दातांच्या मुळांपर्यंत जाऊ शकते.

‘नको वाटलं तर काढून टाकू’ हे अर्धं खरं आहे. गुळगुळीत सिलिकॉनभोवती शरीर एक पातळ पापुद्रा करतं, त्यामुळे ते काढायला त्या मानाने सोपं. सच्छिद्र तुकड्यात आपल्याच पेशी वाढून रुजतात, तो काढणं अवघड. आणि कोणताही काढला तरी ताणलेली कातडी आणि स्नायू हमखास जुन्या जागी परततीलच असं नाही. हनुवटी सैल लोंबल्यासारखी दिसू शकते.

तिसरा पर्याय आपल्याच हाडाचा. त्याला जेनिओप्लास्टी म्हणतात. हनुवटीच्या हाडाचा खालचा भाग आडवा कापून पुढे सरकवायचा आणि छोट्या पट्टीने घट्ट करायचा. परकी वस्तू म्हणून फक्त पट्टी आणि स्क्रू. पुढे, वर, खाली, थोडं बाजूला, असं हवं तसं सरकवता येतं, आणि जिभेखालचे काही स्नायू त्या तुकड्याबरोबर पुढे ओढले जातात. ऑपरेशन इम्प्लांटपेक्षा मोठं, सूज जास्त, सुरुवातीचा बधिरपणाही जास्त. तुमच्या वयाला, पुढची पन्नास वर्षं डोळ्यांसमोर ठेवली, तर मला व्यक्तिशः याच्याकडे झुकावंसं वाटतं. पण मी शल्यविशारद नाही. हा प्रश्न त्यांना विचारा: ‘माझ्या बाबतीत इम्प्लांट का आणि जेनिओप्लास्टी का नाही?’ ज्यांना दोन्ही करता येतात त्यांच्याकडून उत्तर घ्या. ज्याला एकच येतं, तो तेच सुचवणार.

जबड्याच्या कोपऱ्यांतली ती दोन इम्प्लांट मात्र यादीतून काढून टाका. तुमच्या पत्रात एकाही वाक्यात कोपऱ्यांबद्दल तक्रार नव्हती. ती क्लिनिकमध्ये गेल्यावर निर्माण झाली. तिथे चावण्याच्या मोठ्या स्नायूखाली तुकडा बसवावा लागतो. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या येणं कठीण, तोंड उघडायला काही काळ त्रास, स्नायूची बैठक बिघडली तर चावताना गालात गोळा वर सरकलेला दिसतो. हनुवटीपेक्षा हे काम बरंच नाजूक आहे. पॅकेज स्वस्त पडतं म्हणून चेहऱ्यात काही बसवून घेऊ नका.

आणि कॅमेरा. फोन हातभर अंतरावर धरून काढलेला फोटो चेहऱ्याबद्दल खोटं सांगतो. २०१८ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी हिशेब मांडला होता: एका फुटावरून काढलेल्या फोटोत नाक पाच फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. पुढे असलेलं फुगतं, मागे असलेलं आक्रसतं, आणि हनुवटी नाकाच्या मागे असते. लॅपटॉपचा कॅमेरा जवळून आणि बऱ्याचदा खालून बघतो. मित्राला सहा फुटांवर उभं करा, डोळ्यांच्या उंचीवरून, मान सहज ठेवून, समोरून आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढून घ्या. डॉक्टरांना दाखवायलाही तेच उपयोगी पडतील. दिवसभर मान पुढे काढून बसण्याने आणि हनुवटीखालच्या चरबीनेही जबड्याची रेघ पुसली जाते, तेही डॉक्टरांना बघू द्या. जीभ टाळूला दाबून जबडा घडवण्याचे जे व्हिडिओ तुमच्यासारख्या मुलांना दिवसरात्र दाखवले जातात, त्यांच्यामागे मोठ्या माणसाचं हाड बदलतं असा पुरावा नाही. ते बघणं थांबवा. हाड वाढत नाही, बेचैनी मात्र वाढते.

या बेचैनीबद्दल काही विचारते, शांतपणे उत्तर द्या, मला नको, स्वतःला. दिवसातला किती वेळ हनुवटीच्या विचारात जातो? तासाभराहून जास्त? आरसा, दुकानाच्या काचा, फोन यांत पुन्हा पुन्हा बघणं होतं का? जवळचे लोक ‘एवढं काही दिसत नाही’ म्हणतात तेव्हा ते खोटं बोलतायत असंच वाटतं का? कॅमेऱ्यापाठोपाठ लग्नसमारंभ, मित्रांच्या सहली, हेही टाळलं जातंय का? उत्तरं बरीचशी ‘हो’ असतील तर ऑपरेशनआधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. रूपातल्या एखाद्या गोष्टीने मन पूर्ण व्यापून टाकण्याचा एक विकार आहे, बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर. साधारण शंभरात दोघांना तो असतो आणि पुरुषांनाही होतो. त्यात ऑपरेशनने समाधान सहसा मिळत नाही, चिंता दुसऱ्या अवयवावर सरकते. समुपदेशनाच्या ठरावीक पद्धती आणि औषधं यांनी मात्र चांगला फरक पडतो. तुम्हाला तो आहे असं मी म्हणत नाही. तुमची हनुवटी खरोखरच आत असू शकते. पण तपासणी व्हावी. सुरुवात म्हणून सरकारच्या टेली-मानस सेवेला १४४१६ वर फोन करता येतो, मराठीतून बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

दोन स्थळांच्या नकाराचं खरं कारण तुम्हाला माहीत आहे, असं तुम्ही लिहिता. तुम्हाला ते माहीत नाही. तुम्ही अंदाज केला आहे आणि तो सर्वांत दुखऱ्या जागी नेऊन ठेवला आहे. पत्रिका हे कारण खरंही असू शकतं, पगार असू शकतो, नाशिक-पुणे असू शकतं, मुलीच्या मनात दुसरं कुणी असू शकतं. ऑपरेशननंतर तिसरा नकार आला, आणि तो कुणालाही येऊ शकतो, तर तुम्ही काय समजाल? हे आधी मनाशी ठरवा. कॅमेऱ्याचंही तसंच. मीटिंगमध्ये मोजके दोन सहकारी असतात तेव्हा तो आठवड्यातून एकदा सुरू करून बघा, ऑपरेशनची वाट न पाहता.

लग्न ठरताना सांगावं का? हो. पहिल्या भेटीत नाही, पण बोलणी पक्की व्हायच्या आत, तिला एकटीला भेटून, साध्या शब्दांत: हनुवटीचं ऑपरेशन झालंय, अमुक वर्षी, हे कागद. अपेंडिक्सचं ऑपरेशन सांगाल तसंच. साखरपुड्यानंतर जुन्या फोटोतून तिला कळलं तर तिला हनुवटीचं नव्हे, लपवल्याचं वाईट वाटेल. असा चेहरा बाळालाही येऊ शकतो, हे तिला ठाऊक असलेलं बरं.

कुठे जावं, हे तुमच्यासारख्या इतरांसाठीही लिहिते. दंत महाविद्यालयाची ओपीडी ही उत्तम सुरुवात आहे. तिथे ऑर्थोडॉन्टिक्स आणि ओरल-मॅक्सिलोफेशियल सर्जरी (तोंड-जबड्याच्या शस्त्रक्रिया) हे दोन्ही विभाग एकाच इमारतीत असतात, त्यामुळे दात आणि हाड दोन्हींचं मत एकत्र मिळतं, तेही परवडणाऱ्या खर्चात. पुण्यात अशी महाविद्यालयं आहेत. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय आहेत, मुंबईत नायर रुग्णालयाचंही आहे. दुसरं मत प्लास्टिक सर्जनचं घ्या, पहिल्या डॉक्टरांनी सुचवलेल्याचं नको. पदवी बघा: प्लास्टिक सर्जरीत एम.सीएच. किंवा डीएनबी, अथवा ओरल-मॅक्सिलोफेशियल सर्जरीत एम.डी.एस. ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’ एवढ्या पाटीवर चेहऱ्याला सुरी लावू देऊ नका. नोंदणी क्रमांक मागून वैद्यकीय किंवा दंत परिषदेच्या यादीत ताडून पाहा. भूलतज्ज्ञ कोण, ऑपरेशन रुग्णालयात की क्लिनिकमध्ये, तिसऱ्या रात्री सूज वाढली तर फोन कोण उचलणार, दुसऱ्यांदा करावं लागलं तर खर्च कुणाचा, हे लेखी घ्या. स्वतः केलेल्या रुग्णांचे वर्षभरानंतरचे बाजूचे फोटो मागा. इम्प्लांट बसलंच तर त्याच्या डबीवरचं कंपनी आणि बॅच क्रमांकाचं लेबल आपल्या फाइलला चिकटवून घ्या. समीरा कोहली खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की, उपचाराचं स्वरूप, धोके आणि पर्याय समजावून सांगितल्यावर दिलेली संमतीच खरी संमती. ऐनवेळी टेबलाकडे जाताना पुढे केलेल्या कागदावर सही करू नका, आदल्या आठवड्यात मागून घ्या. सिगारेट ओढत असाल तर बंद करा, जखम भरायला ती आड येते. किडलेले दात आधी भरून घ्या. आणि या कामासाठी कर्ज काढू नका. हप्ते चालू असताना दुरुस्तीचं ऑपरेशन करावं लागलं तर हात बांधलेले राहतात.

राहिले बाबा. काहीही ठरलं तरी पहिले काही दिवस तुम्हाला घरचं माणूस लागेल. पातळ जेवण, गोळ्यांच्या वेळा, रात्री उठणं, हे रूममेटवर टाकण्यासारखं नाही. त्यामुळे सांगावं लागणारच आहे. तुम्हाला भीती वाटते की ‘मला ही हनुवटी नको’ म्हणणं म्हणजे ‘मला तुमचा चेहरा नको’ म्हणणं. मग सुरुवात हनुवटीपासून करूच नका. चौदाव्या वर्षी डॉक्टर काय म्हणाले होते आणि ते का राहिलं, हे त्यांना विचारा. कदाचित तेव्हा पैसे नव्हते आणि ती रुखरुख त्यांच्याही मनात असेल. मग घोरण्याबद्दल सांगा, दुपारच्या झोपेबद्दल सांगा, तपासायला जातोय म्हणा. आणि तेही घोरतात का, त्यांना रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत का, दुपारी खुर्चीतच डोळा लागतो का, हे आईंना विचारून घ्या. जबडा हुबेहूब असेल तर श्वासाची वाटही तशीच अरुंद असू शकते. तसं असेल तर स्लीप स्टडीसाठी दोघांचीही नावं नोंदवा, आणि आधी त्यांची करा, त्यांचं वय जास्त आहे.